घनसावंगीची साडेचारची गाडी

मामा रिटायर झाले त्या दिवशी मी मनातल्या मनात पेढे वाटले. वरवर शाल होती, श्रीफळ होतं, आणि "मामांसारखा माणूस पुन्हा होणे नाही" असं माझं भाषणही होतं. भाषणात मी एक वाक्यही खोटं बोलले नाही. मामांसारखा माणूस पुन्हा होऊ नये अशीच माझी इच्छा होती.

मामा म्हणजे अंबडजवळच्या आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयातले परिचर आणि मी तिथली ग्रंथपाल. बारा वर्षं आम्ही भांडलो. म्हणजे मी भांडले आणि मामा "व्हय म्याडम" म्हणाले. ते "व्हय म्याडम" ऐकून माझं डोकं जेवढं फिरायचं, तेवढं कुणी उलट उत्तर दिल्यावर फिरलं नसतं.

भांडणाचा विषय एकच, नोंद. माझा नोंदीवर जीव आहे आणि तो वडिलांकडून आलेला आहे. आमच्या वस्तीतल्या विहारात वडील एक छोटं वाचनालय चालवायचे. पुस्तकं जेमतेम दीड कपाट, पण रजिस्टर असं की तहसील कचेरीनं येऊन शिकून जावं. घरी आईला पुस्तक वाचायला द्यायचं तरी सही घ्यायचे. आई म्हणायची, "सैपाकघरात नेऊन राह्यले, मुंबईला न्हाई!" तरी सही. माझ्या हातात पुस्तक दिसलं की त्यांचा पहिला प्रश्न असायचा, "नोंद केली का?" पुस्तक कशाचं आहे, हा दुसरा.

मामांचं सगळं उलटं. घनसावंगीकडे जाणारी एसटी साडेचारला सुटते. सव्वाचार झाले की त्या रस्त्यावरच्या गावांतल्या मुली धापा टाकत दारात उभ्या राहायच्या. मामांनी दारामागच्या कपाटातून पुस्तक काढायचं, हातात द्यायचं आणि मुलींनी पळायचं. मी आतल्या खोलीतून ओरडायची, "मामा, नोंद!" मामा म्हणायचे, "व्हय म्याडम, करतो." महिन्याच्या शेवटच्या शनिवारी ते खरोखरच कॉम्प्युटरसमोर बसायचे आणि दोन बोटांनी टकटक करत महिन्याभराच्या नोंदी एकदम उरकायचे. मला आकडे हवे असायचे, आकडे वेळेवर मिळायचे, म्हणून मी कधी खोलात गेले नाही.

रिटायर झालेल्या माणसाच्या पेन्शनच्या कागदांना प्रत्येक विभागाचा नो-ड्यूज लागतो, म्हणजे या माणसाकडे आमचं काही राहिलेलं नाही असा सहीशिक्क्याचा दाखला. जिमखान्यानं दिला, प्रयोगशाळांनी दिला, ऑफिसनं दिला. राहिला माझा. मी म्हटलं, आधी मोजणी. मोजणीत एकशे बारा पुस्तकं सापडेनात. कॉम्प्युटर म्हणत होता कपाटात आहेत, आणि कपाटात तर नव्हती. मी मामांना बोलावून घेतलं.

"येतील म्याडम," मामा म्हणाले.

"कुठून येतील?"

"गाडीनं येतील."

मला वाटलं, जाता जाता हा माणूस माझी थट्टा करतोय. माझा पारा चढला. तिथल्या तिथे मी पत्र टाइप केलं, की मोजणी पूर्ण होऊन दाखला मिळेपर्यंत सदर कर्मचाऱ्याने ग्रंथालयात पाऊल ठेवू नये. मामांनी पत्र शांतपणे वाचलं, पोच म्हणून सही करून दिली आणि ते वडीगोद्रीला आपल्या घरी निघून गेले. बारा वर्षांत त्यांनी न सांगता केलेली ती पहिली सही असावी.

त्यांची पेन्शन माझ्या एका सहीसाठी अडकून पडली. दिवाळी गेली, संक्रांत गेली. या सगळ्या दिवसांत मला झोप अगदी व्यवस्थित लागत होती, हे सांगायला आज लाज वाटते.

मामांची जागा भरली गेली नाही. खूप पत्रापत्रीनंतर रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतला परिचर अर्ध्या दिवसासाठी मिळाला. तो पुस्तक नाकापासून लांब धरायचा आणि नवं कपाट उघडण्याआधी दरवेळी विचारायचा, "याच्यात ॲसिडचं काही न्हाई ना?" नव्या पुस्तकांची खरेदी बंद झाली. नियतकालिकं बारा होती ती तीन झाली. वर्तमानपत्रं दोन उरली, त्यातलं एक प्राचार्यांच्या केबिनमधून दुपारनंतर खाली यायचं, शब्दकोडं सोडवून झालेलं.

प्राचार्यही दोन वर्षांत तिसरे होते. हे तिसरे प्रभारी होते, मूळचे पदार्थविज्ञानाचे. सहीखाली 'प्रभारी' हा शब्द ते इतका बारीक लिहायचे की भिंग लागावं. एके दिवशी ते स्वतः ग्रंथालयात आले, दोन्ही खोल्या पावलांनी मापल्या आणि शेजारणीनं वाटीभर साखर मागावी तसं म्हणाले, "मॅडम, तुमच्याकडं दोन खोल्या आहेत. एक द्या. डिजिटल वर्ग करायचाय."

"आणि पुस्तकं?"

"अर्धी काढून टाका. जी उरतील ती आपली लायब्ररी. नवी येतील या आशेवर बसू नका."

"कुठली काढू?"

"जी कोणी नेत नाही ती. पाच वर्षांत एकदाही बाहेर गेलं नसेल ते पुस्तक रद्दीत. कॉम्प्युटर आहे ना तुमचा?"

कुणाही ग्रंथपालाला अशा वेळी वाईट वाटायला हवं. मला मात्र, खरं सांगते, थोडा आनंदच झाला. अखेर नोंदीला किंमत आली होती. मी यादी काढायला बसले.

सर्वांत जास्त नेलेल्या पुस्तकांत पहिला नंबर लागला तो सागरी मत्स्यव्यवसायावरच्या एका जाडजूड ग्रंथाचा. आमच्यापासून समुद्र एसटीनं एक अख्खी रात्र लांब आहे. उन्हाळ्यात आमच्याकडे लोक टँकरची वाट बघतात, आणि मुलं खोल समुद्रातल्या जाळ्यांचा अभ्यास करत होती. दुसरं पुस्तक रशियन भाषेच्या व्याकरणाचं निघालं. तिसरं होतं उंच इमारतींमधल्या लिफ्टची देखभाल. आख्ख्या तालुक्यात लिफ्ट किती, हे मी बोटांवर मोजून पाहिलं आणि मधेच थांबले.

थोडं चमत्कारिक वाटलं. पण नोंदीवर शंका घ्यायची म्हणजे वडिलांवर शंका घेतल्यासारखं. उलट स्टाफ मीटिंगमध्ये मी चांगली दहा मिनिटं बोलले, की ग्रामीण विद्यार्थ्यांची क्षितिजं कशी रुंदावत चालली आहेत. इंग्रजीच्या सरांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

दारामागचं कपाट मात्र यादीत कोरं होतं. पोलीस भरतीचं गणित, नर्सिंगच्या प्रवेशाची पुस्तकं, मराठी व्याकरण, आत्मचरित्रं, इतिहास. पाच वर्षांत एकही बाहेर गेलेलं नाही. "बघा," मी परिचराला म्हटलं, "मामांनी ऐन दारात काय कचरा भरून ठेवला होता ते." आम्ही ते आख्खं कपाट रिकामं केलं, बाहेर व्हरांड्यात सरकवलं आणि पोती भरली. पोती मोंढ्यातून, म्हणजे घाऊक बाजारातून आणलेली होती, सरकीची. प्रत्येक पुस्तकाला थोडा थोडा कापूस चिकटला.

रद्दीवाले भाई जालन्याहून टेम्पो घेऊन आले. वयस्कर माणूस, कामात चोख. पोत्याचं तोंड बांधण्याआधी त्यांनी आत हात घातला, दोन-चार पुस्तकं दाबून पाहिली, मग मागच्या कपाटातली दाबून पाहिली.

"म्याडम, गल्ती तर न्हाई ना झाली?"

"कसली?"

"पोत्यातल्या किताबा समद्या नरम हायेत. कपाटात ठेवल्या त्या कडक. बीस साल झाले रद्दी उचलून राह्यलो मी. जी किताब लोकाच्या हातात फिरती ती नरम पडती. तुमी नरम नरम दिल्या आन् कडक कडक ठेवून घेतल्या."

"कॉम्प्युटरला विचारून ठेवल्यात," मी म्हटलं.

"कॉम्प्युटरनं हात लावून पाह्यला का?"

मी त्यांना म्हटलं, तुम्ही तुमचं काम करा. त्यांनी केलं. टेम्पो फाटकातून बाहेर गेला आणि मी हात झटकले. हातालाही कापूस होता.

सव्वाचार वाजले असतील. दारात एक मुलगी आली. मामा गेल्यापासून या वेळी कुणी येत नव्हतं. तिनं आत डोकावलं, मला पाहिलं आणि वळून पळणारच होती, तेवढ्यात मी ओरडले, "थांब!" ओढणीखाली तिनं काहीतरी लपवलं होतं.

"म्याडम, दारामागचं कपाट कुठं गेलं?"

"ते सोड. हातात काय आहे?"

पुस्तक होतं. नर्सिंगच्या प्रवेशपरीक्षेचं, माझ्या एकशे बारांच्या यादीतलं.

"हे कुठून आणलंस?"

"गाडीतून."

म्हणजे हीसुद्धा थट्टाच. मी खुर्चीतून उठले. मुलगी घाबरली आणि भडाभडा सांगायला लागली.

"मामा पुस्तक आमच्यातल्या एकीला देत न्हवते म्याडम, गाडीला देत व्हते. घनसावंगीच्या गाडीला येगळं, वडीगोद्रीच्या गाडीला येगळं. आमी अकरा जणी हाओत. जिला पयले उतरायचं ती पयले वाचती, मंग दुसरी. घरी काम ऱ्हातं, गाडीतच वाचायला भेटतंय. समद्यांचं झालं की शेवटची आणून देती. लई दिवस लागतेत, पर येतंय बराबर."

"आणि नोंद?"

"मामा म्हणले, कॉम्प्युटरात एका पुस्तकाला एकच नाव बसतंय, आन् सातच दिवस. आमी तर अकरा."

"मग महिन्याच्या शेवटी ते कसल्या नोंदी करायचे?"

ती खाली बघायला लागली. "त्या तुमच्यासाठी. कॉम्प्युटरच्या बाजूच्या कपाटातून एकेक पुस्तक उचलायचे आन् कुनाचं बी नाव टाकायचे. म्हणायचे, म्याडमला आकडे लागतेत. आकडे दिले की म्याडमचं बीपी बराबर ऱ्हातं."

मी कॉम्प्युटरच्या बाजूच्या कपाटाकडे पाहिलं. मामांच्या खुर्चीतून उजवा हात लांब केला की पहिलं हाताला लागतं ते सागरी मत्स्यव्यवसाय. त्याच्या शेजारी रशियन व्याकरण. त्याच्या शेजारी लिफ्ट. ग्रामीण विद्यार्थ्यांची क्षितिजं मामांच्या हाताच्या लांबीइतकीच रुंदावली होती.

मग मला टेम्पो आठवला.

माझं वय आणि माझी साडी, दोन्ही पळण्याच्या विरोधात होती. तरी मी पळाले. मुलगीही पळाली, कारण तिची गाडी सुटत होती. स्टँडपर्यंतच्या रस्त्यावर लोक दुकानांतून बाहेर येऊन बघत होते. एका मागोमाग एक पळणारी ग्रंथपाल आणि विद्यार्थिनी पाहून पुस्तकचोर पकडतायत असंच सगळ्यांना वाटलं असणार, फक्त चोर कोण हे कळत नसेल. स्टँडसमोर टेम्पो उभा होता. भाई चहाच्या टपरीवर बसले होते.

"मला माहीत व्हतं तुमी येनार," ते म्हणाले. "म्हणून दुसरा चहा घेऊन राह्यलो."

पोती परत आली. त्यांच्या बदल्यात मी भाईंना रशिया, समुद्र आणि लिफ्ट दिली. त्यांनी एकेक पुस्तक दाबून पाहिलं आणि समाधानानं मान हलवली. "आता बिलकुल बराबर माल हाये."

दुसऱ्या दिवशी मी वडीगोद्रीला गेले. यादी पर्समध्ये, दाखल्याचा कोरा कागदही पर्समध्ये. मामांचं घर हायवेच्या दुकानांच्या मागच्या बाजूला. मला वाटलं होतं बोलणार नाहीत, निदान तोंड तरी वाकडं करतील. मामांनी मला बसायला खुर्ची दिली, मामींनी चहा ठेवला, मोसंबी कापली. "कामून त्रास घेतला म्याडम, निरोप धाडायचा की," मामा म्हणाले. एवढं झाल्यावर माफी मागणं फार अवघड होऊन बसतं.

बाजेखाली एक पत्र्याची पेटी होती. मामांनी ती ओढली, वरचं जुनं लुगडं बाजूला केलं. आत पुस्तकं होती, पाठी वर करून नीट लावलेली.

"वडीगोद्रीच्या गाडीची हायेत ही. पोरी हितं आणून देऊ राह्यल्या. तुमच्याकडं यायला भेतात."

"मग तुम्ही का नाही आणून दिली? इतके महिने?"

मामांनी देव्हाऱ्याजवळच्या खुंटीवरची पिशवी काढली. पिशवीतून माझं पत्र काढलं, माझ्या सहीचं, घडीवर घडी घातलेलं. "तुमीच लिवलं व्हतं ना, पाऊल टाकायचं न्हाई."

त्या क्षणी धरणीनं पोटात घेतलं असतं तर मी अर्ज न करता गेले असते. मी यादी काढली, चष्मा लावला आणि मोजायला लागले, कारण मान खाली घालायला काहीतरी हवं होतं. पेटीत अडुसष्ट निघाली. उरलेली मी वाचत गेले आणि मामा डोळे मिटून सांगत गेले: हे घनसावंगीच्या गाडीत, हेही, हे मागच्या सीटवरच्या पोरीकडं, हे तिच्या बहिणीकडं, पंधरा दिवसांत येतंय. एकदाही अडखळले नाहीत. काल त्या मुलीनं आणलेलं धरून त्रेचाळीस झाली. पुढं ती सगळी आलीही, मामांनी सांगितली होती त्याच क्रमानं.

एक राहिलं. मोठा इंग्रजी-मराठी शब्दकोश.

"ते ऱ्हाऊ द्या," मामा म्हणाले. "माह्या नावावर लिवा. फाटलं म्हणा."

काल एवढी फजिती होऊनही माझा स्वभाव काही रात्रीत बदललेला नव्हता. "तसं कसं लिहिणार? संदर्भाचं पुस्तक आहे ते, बाहेर द्यायचंच नसतं. कुठल्या गाडीला दिलं?"

"गाडीला न्हाई. ती पोरगी सायकलवर यायची."

"नाव सांगा. मी तिच्या घरी जाऊन आणते."

"लई जुनी गोष्ट हाये म्याडम. हुशार व्हती, पर इंग्रजीला लई भ्यायची. परीक्षेच्या आधी म्हणली, मामा, आठ दिवस द्या, कुठं लिवू नका, मोठे सायेब रागवतेन. मंग दिलं. नंतर परत मागायला जीव झाला न्हाई. चांगला उपयोग करून राह्यली व्हती."

"मामा, आठ दिवसांचं पुस्तक ठेवून घेतलं म्हणजे ती चोरीच झाली. कोण आहे ती? आता काय करते?"

मामांनी मामींकडं पाहिलं. मामी मोसंबीच्या साली गोळा करून आत निघून गेल्या. मामा जमिनीकडे बघत म्हणाले, "तूच की, पोरी." आणि लगेच सावरून, "म्हंजी तुमी, म्याडम."

शब्दकोश माझ्या घरी आहे. मी याच कॉलेजात शिकले, सायकलवरून येत होते, आणि हो, इंग्रजीला भीत होते. आठ दिवसांसाठी आणला, मग निकाल लागला, मग ग्रंथालयशास्त्राचा अभ्यास, लग्न, नोकरी, आणि प्रत्येक बदलत्या घरात तो माझ्याबरोबर येत राहिला. हल्ली माझा मुलगा लॅपटॉप उंच करायला तो खाली ठेवतो. आणला त्या संध्याकाळी वडिलांनी विचारलं होतं, "नोंद केली का?" मी म्हटलं होतं, "केली." वडिलांशी मी खोटं बोलल्याचं मला हे एकच आठवतं. त्यांनी विश्वास ठेवला.

म्हणजे बारा वर्षं, मी "नोंद, नोंद" म्हणून ओरडायची तेव्हा प्रत्येक वेळी मामांना हे ठाऊक होतं, आणि ते "व्हय म्याडम" म्हणत होते. एकदा नुसतं बोलून दाखवलं असतं तर माझं तोंड कायमचं बंद झालं असतं. दाखला अडवला तेव्हा तर बोलायलाच हवं होतं. मला रडू आलं, चांगलं हुंदके देऊन आलं. मामांना काय करावं सुचेना, तेव्हा त्यांनी मोसंबीची दुसरी फोड पुढं केली. मी रडत रडत ती खाल्ली आणि दाखल्यावर तिथेच सही केली. शिक्का कॉलेजात होता, तो त्याच दुपारी मारला आणि कागद स्वतः ऑफिसात नेऊन दिला.

घरी येऊन लॅपटॉपखालून शब्दकोश काढला. त्याला वडिलांनी घातलेलं तपकिरी कागदाचं कव्हर होतं. त्यावर त्यांच्या ठळक अक्षरात लिहिलेलं होतं: 'ग्रंथालयाचे पुस्तक. वेळेवर परत करावे.' इतकी वर्षं ते माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मी वाचलं नव्हतं. शेवटच्या पानावरची तारखांची चिठ्ठी कोरी होती, एकही शिक्का नाही. माझ्या यादीच्या नियमानं पोत्यात सगळ्यात आधी जायला हवं होतं ते हेच पुस्तक, ज्याच्यामुळे मी ग्रंथपाल झाले.

दुसरी खोली गेली ती गेलीच. तिथे आता डिजिटल वर्ग भरतो, वीज असेल तेव्हा. एका खोलीत नरम पुस्तकं दाटीवाटीनं उभी आहेत आणि दारामागचं कपाट पुन्हा दारामागं आहे. सव्वाचारला मीच तिथे उभी असते. पहिल्या दिवशी मी शब्दकोश काढला, त्या मुलीच्या हातात दिला आणि कॉम्प्युटरसमोर बसले, कारण नोंद ही नोंद आहे. सभासदाचे नाव या रकान्यात लिहिलं, 'घनसावंगीची साडेचारची गाडी'. कॉम्प्युटर म्हणाला, असा सभासद नाही. मग मी नवा सभासद तयार केला. पालकाचं नाव रिकामं सोडू देईना, तिथे 'कंडक्टर' लिहिलं. मुदतीच्या सात दिवसांचे नव्वद केले. प्रभारी प्राचार्यांनी एकदा यादी बघून विचारलं, हा एवढा वाचणारा विद्यार्थी कोण? मी म्हटलं, रोज हजर असतो सर.

आजवर त्या गाडीकडून एकही पुस्तक हरवलेलं नाही. ग्रंथपालाबद्दल मात्र तसं म्हणता येत नाही.